‘ब्लॅक मिरर’ घरच्यांबरोबर कशी पाहावी: सात शनिवार आणि फोनमधली कामं

पहिला भाग पहिल्यांदा लावू नका. हे आधी सांगते, कारण आमच्या घरी हीच चूक झाली. ‘ब्लॅक मिरर’ उघडली की पहिल्या सीझनचा पहिला भाग समोर येतो आणि आपण सवयीने तोच लावतो. त्यात ब्रिटनच्या पंतप्रधानाकडे अपहरणकर्ता एक किळसवाणी मागणी करतो आणि सगळा देश टीव्हीसमोर बसतो. भाग महत्त्वाचा आहे, पण आईशेजारी बसून पाहण्यासारखा नाही. भाचा तिला हळू आवाजात मराठीत सांगत होता. त्या मागणीपाशी तो अडखळला, आणि आईला काय ते कळलं. ती उठून आत गेली. त्यानंतर चार महिने या मालिकेचं नाव घरात कोणी काढलं नाही.

मग पावसाळ्यात मावशीच्या बाबतीत एक प्रकार घडला. तो पुढे सांगते. ते सगळं निस्तरून घरी आलो, तेव्हा आईनेच विचारलं, “हे त्या तुमच्या काळ्या आरशातलंच ना?” त्या आठवड्यापासून आम्ही इंदूरच्या रामबागेतल्या घरी एक शनिवार सोडून एक शनिवार ही मालिका नीट बसून पाहायला लागलो. सुमारे तीन महिन्यांत सात भाग पाहिले, आणि प्रत्येक भागानंतर फोनमधलं एक काम केलं. तुम्हालाही असं करायचं असेल, तर हा सगळा क्रम पुढे दिला आहे.

सुरुवातीला एवढं माहीत असू द्या

चार्ली ब्रूकर या ब्रिटिश लेखकाची ही मालिका. डिसेंबर २०११ मध्ये ती ब्रिटनच्या चॅनल ४ वर सुरू झाली. पहिले दोन सीझन तीन-तीन भागांचे होते, मग २०१४ मध्ये नाताळचा एक विशेष भाग आला. पुढे ती नेटफ्लिक्सकडे गेली. तिसरा सीझन ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि सातवा एप्रिल २०२५ मध्ये. नाताळचा भाग धरून एकूण ३३ भाग होतात. ‘बँडरस्नॅच’ नावाचा, प्रेक्षकाने पर्याय निवडत पुढे न्यायचा चित्रपट २०१८ मध्ये आला होता. तो नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये काढून टाकला आहे, तेव्हा शोधत बसू नका.

प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, माणसं वेगळी, म्हणून कुठूनही सुरुवात करता येते. मागच्या भागाची गोष्ट थेट पुढे नेणारा भाग सातव्या सीझनच्या शेवटी आहे. तो २०१७ च्या ‘यूएसएस कॅलिस्टर’चा पुढचा भाग, आणि तेवढे दोन ओळीने पाहावेत.

नावाचा अर्थ आईला असा समजावला: फोन बंद करून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बघ यात. काळ्या काचेत तिचा चष्मा दिसला, मागची खिडकी दिसली. बंद पडलेल्या स्क्रीनला ब्रूकरने काळा आरसा म्हटलं आहे.

माणसं आणि वेळ

चार ते सहा जण पुरेत. त्याहून जास्त झाले की गप्पांमध्ये दोघेच बोलतात आणि बाकीचे मान हलवतात. आमच्याकडे आई (मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका), शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका, वहिनी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा आणि मी असे बसायचो. वयाची अशी सरमिसळ मुद्दाम करा. तरुणांना यंत्र कळतं, थोरांना त्यातली माणसं कळतात. दोघांनी एकमेकांना सांगितल्याशिवाय ही मालिका पुरती कळत नाही असं माझं मत आहे. मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला असतील, तर त्यांनी त्याच वेळी तिकडे भाग लावावा आणि संपल्यावर फोन करावा.

ही मालिका प्रौढांसाठी आहे, हे गांभीर्याने घ्या. अठराच्या आतल्या मुलांना दाखवू नका. त्यांना गोष्ट तोंडी सांगा. ‘आर्कएंजल’ या भागाची गोष्ट मी नववीतल्या पुतणीला भाकऱ्या करता करता सांगितली. तिने जे प्रश्न विचारले, ते मोठ्यांपैकी कोणालाच सुचले नव्हते.

टीव्ही लावण्याआधी

नेटफ्लिक्सच्या तुमच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो. तो बंद करा. आमच्या लेखी सगळ्या तयारीतलं सर्वांत मोठं काम हेच. भाग संपल्यावर नावं वर सरकत असतात, तेव्हा खोलीत कोणीतरी पहिलं वाक्य बोलणार असतं. त्या वेळी कोपऱ्यात पुढच्या भागाचे आकडे मोजले जाऊ लागले की ते वाक्य राहून जातं. प्रोफाइलला पिन लावा, म्हणजे घरातली लहान मुलं दुपारी एकटी उघडणार नाहीत. सबटायटल्स आणि आवाजाचे पर्याय आधीच निवडून ठेवा.

गटातल्या एकाने भाग आधी पाहिलेला असावा. त्याला आम्ही वाटाड्या म्हणतो. सुरू होण्याआधी तो सांगतो की अमुक ठिकाणी अवघड दृश्य आहे, ज्याला नको असेल त्याने पाणी आणायला उठावं. पहिल्या दहा मिनिटांनंतर तो एकदाच थांबवतो आणि त्या जगाचा नियम एका वाक्यात सांगतो. उदाहरणार्थ, “इथे प्रत्येक माणूस प्रत्येकाला पाचपैकी गुण देतो आणि ते सगळ्यांना दिसतात.” त्यानंतर थांबवायचं नाही. इंग्रजी भराभर न कळणाऱ्यांना एवढा नियम कळला की पुढचं चेहऱ्यांवरून कळतं. आईने हे मला दाखवून दिलं. सतत भाषांतर करत बसलात तर तुम्हीही भाग पाहत नाही आणि तेही पाहत नाहीत.

आणि एक साधी वही ठेवा. तारीख, भागाचं नाव, केलेलं काम एवढंच लिहायचं.

पहिला शनिवार: ‘नोजडाइव्ह’

तिसऱ्या सीझनचा हा पहिला भाग, साधारण तासाभराचा. शिव्या आहेत, बाकी घरात चालेल असा. वर सांगितलेलं पाचपैकी गुणांचं जग ते हेच. लेसी नावाच्या तरुणीला हव्या त्या वसाहतीत सवलतीत घर मिळवायला आपले गुण ४.५ पर्यंत न्यायचे असतात, म्हणून ती बालमैत्रिणीच्या लग्नाला निघते. वाटेत तिला ट्रक चालवणारी एक बाई भेटते. त्या बाईचे गुण १.४. तिच्या नवऱ्याला कॅन्सर होता, त्याचे गुण ४.३ होते आणि रुग्णालयातली जागा ४.४ वाल्याला मिळाली. हे ती ट्रक चालवता चालवता अगदी साधेपणाने सांगते. अख्ख्या भागात आमच्या काकांना एवढंच लक्षात राहिलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

आपण इंदूरवाले आकड्यांचा अभिमान बाळगणारी माणसं आहोत. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा पहिला नंबर आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण तो नंबर कचरा उचलण्याच्या कामाला मिळतो. माणसाला तारे द्यायला लागलो की गोष्ट वेगळी होते. काम: सामान पोचवणाऱ्याला किंवा गाडी चालवणाऱ्याला आपण आधी किती तारे दिले, ते ॲपमध्ये पाहा. पाऊस पडत होता म्हणून उशीर झाला आणि आपण दोन तारे दिले, असं एक तरी सापडतं. यापुढे तक्रार वस्तूची असेल तर वस्तूखाली लिहायची, माणसाचे तारे कापायचे नाहीत, असं आमच्या घरात ठरलं. इन्स्टाग्राम वापरत असाल तर लाइकचे आकडे लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. वहिनींनी ती लावली.

दुसरा शनिवार: ‘कॉमन पीपल’

सातव्या सीझनचा पहिला भाग, २०२५ मधला. वाटाड्याने हे जरूर सांगावं की यात आजारपण आहे, माणसाची मानहानी आहे आणि शेवट फार जड आहे. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर हा भाग पुढे ढकला.

अमांडा शिक्षिका आहे, नवरा माइक वेल्डर. तिच्या मेंदूत गाठ निघते. एक कंपनी म्हणते, शस्त्रक्रिया फुकट, मेंदूचा तो भाग आमच्या यंत्रणेवर चालेल, महिन्याला फक्त ३०० डॉलर भरा. मग हळूहळू कळतं की एका हद्दीबाहेर गेलं तर ती बेशुद्ध पडते. हद्द वाढवायची तर वरचा प्लॅन घ्या. तो परवडत नाही, म्हणून तिच्या तोंडून तिच्या नकळत जाहिराती येऊ लागतात.

वर्गात मुलांसमोर ती अशी जाहिरात बोलते, त्या दृश्याला आई खुर्चीत ताठ झाली. ३१ वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई ती. ती म्हणाली, “मुलांसमोर?” आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. तो एक शब्द घेऊनच आम्ही पुढचा तासभर बोलत होतो: सेवा घेताना आपण सोयीचे पैसे भरतो, आणि नंतर त्रास होऊ नये म्हणून भरायला लागतो.

काम मोठं आहे, शांतपणे करा. प्रत्येकाने आपलं यूपीआय ॲप उघडून प्रोफाइलमध्ये ऑटोपेची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादी काढावी. आमच्या पाच फोनांत मिळून अकरा ऑटोपे निघाले, त्यांतले चार कोणालाच आठवत नव्हते. काकांनी दीड वर्षापूर्वी नातवासाठी घेतलेला एक खेळ दरमहा पैसे घेत होता. तो खेळ फोनवरून काढलाही होता. इथे लोक फसतात. ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. ते प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावरून किंवा ऑटोपेच्या यादीतून वेगळं रद्द करावं लागतं. कार्डावरून कापले जाणारे पैसे असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका, नकार देण्याची वाट त्यातूनच असते. यादी वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा: कोणासाठी, किती, कधीपर्यंत.

तिसरा: ‘द एंटायर हिस्ट्री ऑफ यू’

२०११ चा, पहिल्या सीझनमधला शेवटचा भाग. कानामागे बसवलेल्या एका दाण्यात माणसाने पाहिलेलं सगळं साठतं आणि हवं तेव्हा पुन्हा पाहता येतं. एक नवरा बायकोवरच्या संशयाने रात्रभर जुनी दृश्यं उगाळत बसतो. पलंगावरचं एक दृश्य आहे, वाटाड्याने आधी सांगावं.

यावर लांबण लावत नाही, कारण ज्यांच्या घरात कधी जुन्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून भांडण झालं आहे, त्यांना सगळं कळेल. काम दोन मिनिटांचं: घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असे पर्याय येतात. आम्ही ९० निवडले. आणि गूगल फोटोज दर सकाळी ‘आठवणी’ म्हणून ज्यांचे चेहरे समोर आणतं, त्यांच्यातलं कोणी पाहवत नसेल, तर त्या व्यक्तीला किंवा त्या तारखांना लपवता येतं. वहिनींना हे माहीतच नव्हतं. तीन वर्षं त्या रोज सकाळी एक फोटो पाहून रडत होत्या.

चौथा: ‘आर्कएंजल’

२०१७ चा भाग, जोडी फॉस्टर यांनी दिग्दर्शित केलेला. लहान मुलगी हरवून सापडते, म्हणून आई तिच्या डोक्यात एक यंत्र बसवून घेते. त्यातून मुलगी कुठे आहे, काय पाहते, हे आईला टॅब्लेटवर दिसतं. भीती वाटेल असं काही समोर आलं तर मुलीच्या डोळ्यांसमोर ते धूसर होतं. मुलगी वयात आल्यावरची दृश्यं आणि शेवटची हिंसा जड आहे.

या भागावर आमच्याकडे खरं भांडण झालं. वहिनी म्हणाल्या, आईचं चुकलं कुठे? भाचा म्हणाला, मुलीला न विचारता पाहिलं, तिथेच. दोघांचंही मला पटलं आणि आजही पटतं. पुतणी भंवरकुआँच्या क्लासवरून रात्री साडेआठला निघते. ती कुठे आहे हे कळलं नाही तर मीही बाल्कनीत उभी राहते.

आम्ही केलेलं काम असं. पुतणीला शेजारी बसवून गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंगची यादी उघडली आणि तिच्या फोनवरून कोणाकोणाला ती दिसते, हे तिलाच वाचून दाखवायला लावलं. कायमचं चालू असलेलं बंद केलं. आता ती क्लासमधून निघाली की व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवते. तिथे १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय आहेत, आणि तिने १ तास निवडला आहे. तास झाला की ते आपोआप संपतं. लहान मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायला फॅमिली लिंकसारखी ॲप्स वापरत असाल, तर एवढंच करा: मुलाला कळू द्या की ते आहे, आणि कोणत्या वयात काढणार ते आज सांगा.

पाचवा: ‘बी राइट बॅक’

या शनिवारी पाहुणे बोलावू नका, घरचेच असू द्या. २०१३ चा भाग आहे. मार्था आणि ॲश हे जोडपं. ॲश अपघातात जातो. त्याच्या जुन्या पोस्ट आणि मेसेज वाचून त्याच्यासारखं बोलणारी एक सेवा तिला मिळते. आधी मजकूर, मग फोनवर आवाज, मग अख्खं शरीर. तेव्हा ही कल्पना होती. आता मागे राहिलेल्या मजकुरावरून आणि आवाजावरून माणसासारखं बोलणारं काहीतरी खरोखर बनवता येतं.

बाबांचा एक आवाजी मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. नऊ सेकंदांचा. मागे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या गर्दीचा कालवा, गराडू कंदाचे काप तळताना भांड्यावर झाऱ्या आपटल्याचा आवाज आणि त्यात बाबा: “अगं, सराफ्यात आहे, गराडू आणू का? मिरपूड वेगळी बांधून घेतो.” माझं उत्तर खाली आहे, “हो.” भाग संपल्यावर भाच्याने विचारलं, आत्या, यावरून आजोबांचा आवाज बनवता येईल, बनवू का? मी नाही म्हटलं. त्या आवाजाने न बोललेली वाक्यं मला ऐकायची नाहीत. हा माझा निर्णय. तुमचा वेगळा असू शकतो, पण तो घरात सगळ्यांनी मिळून घ्या, एकट्याने रात्री दोन वाजता घेऊ नका.

कामं इथे जास्त आहेत, आणि हीच सगळ्यात जास्त राहून जातात.

गेलेल्या माणसाचे आवाजी मेसेज आणि फोटो व्हॉट्सॲपवर सोडून देऊ नका. तुमचा फोन हरवला आणि बॅकअप नसेल, तर ते गेले. तो मेसेज दाबून धरा, शेअर करून ड्राइव्हवर किंवा संगणकावर ठेवा आणि फाइलला तारखेचं नाव द्या. अख्खा संवाद हवा असेल तर त्या चॅटच्या मेनूत एक्स्पोर्टचा पर्याय आहे, त्यात मीडियासकट निवडा. १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं साधारणपणे पुसलं जातं, म्हणून गेलेल्याचा फोन कपाटात ठेवून विसरू नका. सिम बंद केलं की तो नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. त्याआधी बँक, गॅस, विमा सगळीकडून तो नंबर काढा.

मग स्वतःसाठी. गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था लावता येते. किती महिने खातं वापरलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं, हे तुम्ही आज ठरवू शकता. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. आयफोनवर वारसदार संपर्क नेमता येतो. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आपल्यामागे आपल्या माहितीचे हक्क कोण बजावेल, त्याचं नाव देण्याची तरतूद आहे. बँकेत नॉमिनी लावताना आपण जेवढे दक्ष असतो, तेवढंच इथे व्हायला हवं. काकांनी त्याच रात्री मुलीचं नाव घातलं.

शेवटचं काम परवलीच्या शब्दाचं. आवाजाची नक्कल करून “काकू, अपघात झालाय, पैसे पाठवा” असे फोन येतात. घरात एक शब्द ठरवा, जो कुठल्याही पोस्टमध्ये, कुठल्याही मेसेजमध्ये नाही. तोंडी सांगा, लिहू नका. वहीतही नाही.

सहावा: ‘शट अप अँड डान्स’, फक्त मोठ्यांनी

२०१६ चा भाग. यात भविष्यातलं एकही यंत्र नाही. एका मुलाच्या लॅपटॉपचा कॅमेरा कोणीतरी ताब्यात घेतं, त्याचं चित्रण करतं आणि मग मेसेज यायला लागतात: हे कर, तिकडे जा, फोन चालू ठेव, कोणाला सांगू नकोस. शेवटी एक धक्का आहे. तो मी सांगत नाही, आणि वाटाड्यानेही सांगू नये. भाग पाहून दोन दिवस मन ठिकाणावर येत नाही, हे मात्र नक्की सांगावं.

आता मावशीचं. तिला एक व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी कपडे, मागे भिंतीवर चिन्ह. तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही. सहा तास ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी फोन डब्याला टेकवून बसली होती. तिचे यजमान शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. तिने त्यांना चहा नेऊन दिला आणि तरीही सांगितलं नाही. पैसे वाचले ते केवळ ठेव मोडायला बँकेत गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने “काकू, हात का थरथरतायत?” असं विचारलं म्हणून. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि पैसे भरून सुटका देत नाहीत. हे वाक्य आम्ही कागदावर लिहून आईच्या, मावशीच्या आणि काकांच्या फोनच्या कव्हरमध्ये मागून घालून ठेवलं आहे.

काम: सगळ्यांच्या फोनमध्ये १९३० हा सरकारी मदतीचा नंबर ‘सायबर फसवणूक’ या नावाने ठेवा. पैसे गेल्याचं कळताच आधी हा फोन करा, नातेवाइकांना नंतर. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे सूचना जाते आणि ते पुढे सरकण्याआधी रोखता येतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रारही करा. महिला आणि मुलांशी संबंधित गुन्ह्यांसाठी तिथे नाव न देता तक्रार करता येते.

खासगी फोटोंवरून कोणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढत जाते. संभाषण पुसायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाच्या संकेतस्थळावर प्रौढांना आपल्या फोटोचा एक आकडी ठसा बनवून देता येतो. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सहभागी समाजमाध्यमं त्यावरून तो फोटो अडवतात. अठराखालच्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सोय आहे.

पण या सगळ्याच्या आधी घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना एक गोष्ट आजच मोठ्याने सांगून ठेवा: काहीही घडलं असेल, कितीही लाजेचं असेल, आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही. आणि मग खरोखर रागावू नका. मावशीला आम्ही पहिल्या दिवशी, “एवढी शिकलेली असून कशी फसलीस?” असं विचारलं होतं. त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. “कोणाला सांगू नकोस” यावरच हा धंदा चालतो, आणि आपलं असं एक वाक्य त्यांच्याच उपयोगी पडतं.

सातवा: ‘सॅन जुनिपेरो’

सहाव्या भागानंतर लगेच हा लावा, मध्ये दुसरा कोणताही नको. १९८७ मधल्या समुद्रकाठच्या गावात भेटलेल्या दोन बायकांचं प्रेम, आणि म्हातारपण. दोन एमी पुरस्कार मिळालेला, या मालिकेतला सगळ्यात मायाळू भाग. आईला दोघी बायका असण्याचं काही वाटलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता: “जिवलग माणूस आधीच गेलेलं असेल, तर त्याला सोडून दुसरीकडे कायमचं राहायला जायचं का?” तोच त्या भागाचा गाभा आहे, आणि इंग्रजीचं एक वाक्य नीट न कळता तिने तो पकडला.

यानंतर फोनमधलं काम नाही. आम्ही सगळे फोन घरी ठेवून सराफ्यात गेलो. एक साधा फोन अडीनडीला बरोबर असावा. आणि रोख पैसे घ्या, सुट्टे घ्या. आता गाडीवालेही क्यूआर कोडच पुढे करतात आणि पाचशेची नोट काढली की थांबावं लागतं. थंडीचे दिवस असतील तर गराडू, नाहीतर भुट्ट्याचा कीस. बोलणं चालताना होतं, म्हणून गाडी लांब लावा.

पुढे काय पाहायचं

गट टिकला तर २०२३ चा ‘जोन इज ऑफुल’ घ्या. न वाचता ‘मान्य आहे’ दाबल्याचं त्यात काय होतं, ते पाहून फोनच्या सेटिंगमधलं परवानग्यांचं पान उघडा आणि कॅमेरा, माइक, लोकेशन कोणाकोणाकडे आहे ते पाहा. टॉर्चच्या ॲपला माइक कशाला हवा, हे तुमच्याकडचा दहावीतला मुलगाही सांगेल. ‘हेटेड इन द नेशन’ दीड तासाचा आहे, सुट्टीच्या दिवशी लावा. समाजमाध्यमांवर कोणाला झोडपताना आपला हात कुठवर पोचतो, यावर तरुणांशी बोलायला त्याच्याइतका चांगला भाग नाही. तो पहिला, पंतप्रधानाचा भाग मोठ्यांनी सगळ्यात शेवटी, आणि पाहायचा असेल तरच पाहावा.

वही दर सहा महिन्यांनी काढा. ऑटोपेची यादी, लोकेशनची यादी, परवानग्या पुन्हा पाहायच्या, आणि परवलीचा शब्द घरात सगळ्यांना आठवतो का ते एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं. आमची पुढची तारीख रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीनंतरच्या शनिवारची ठरली आहे. त्या दिवशी मावशी वाटाड्या होणार आहे.